बारा तारखेला पैसे संपतात आणि एम-थ्री परत राहिला

खवाभट्टी

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. लांबलाय, तेवढं सांभाळून घ्या.

मी भूमचा, जिल्हा धाराशिव. पुण्यात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पण दुसऱ्या वर्षाचा एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) अजून मानगुटीवर बसलाय. पहिल्यांदा २९ पडले, परत दिला तर ३३. घरी खव्याची भट्टी आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, भट्टीवर पगार नसतो. दूध घालायचं, तास दीड तास उलथनं फिरवायचं, साधारण पाच लिटरमागं किलोभर खवा निघतो, आणि तो जाईल तसा पैसा येतो. लग्नसराईत बरं असतं. मधे भाव पडला की जळणाचा खर्च निघाला तरी बास. तरी अण्णा, म्हणजे वडील, दर एक तारखेला ९,००० टाकतात. आजवर एकदाही चुकलं नाही.

हिशोब असा: नारायण पेठेत कॉट बेसिसवर तिघांत खोली, लाइट बिल धरून ३,२००. मेस ३,०००. अभ्यासिका ९००. रिचार्ज ८४ दिवसांचा मारतो, तो महिन्याला ३०० धरा. झाले ७,४००. कॉलेजला सायकलवर जातो. म्हणजे १,६०० उरायला पाहिजेत, आणि कागदावर उरतात पण.

ते बारा तारखेच्या आत जातात. कुठं जातात हे बघायला गेल्या महिन्याचं स्टेटमेंट काढलं. १४७ व्यवहार, वरखर्चाचे. १४७! सगळ्यात मोठा ४१० चा, रूममेटच्या वाढदिवसाची वर्गणी. बाकी १२ चा चहा, १० चा क्रीमरोल, ६ रुपयांची झेरॉक्स, २० चा वडापाव, जर्नलची फाइल, हवा भरली ५ रुपये. रविवारी रात्री मेस बंद असती, तेव्हा तिघं मिळून काहीतरी मागवतो, माझ्या वाटचे दीडशे. सिगारेट नाही, बाटली नाही. कुणी म्हणेल असली उधळपट्टी शोधून सापडंना, आणि बेरीज मात्र ३,८७०. वरचे रूममेटकडनं घेतलेत. त्याचे ४,५०० झालेत माझ्याकडं. तो काही बोलत नाही, पण आता त्यानं मला चहाला हाक मारणं बंद केलंय.

अभ्यासाचं म्हणाल तर कमी बसत नाही. रात्री नऊ ते एक अभ्यासिकेत, खुर्ची नंबर ४३. परीक्षेआधी महिनाभर तर रोज. सोडवलेली गणितं वाचून काढली, पिवळ्या मार्करनं रंगवली, सगळी ओळखीची वाटत होती. हॉलमधे लाप्लासचं गणित घेतलं, दोन ओळी लिहिल्या आन पुढं काही सुचंना. बाजूच्या पंख्याचा आवाज ऐकत बसलो.

आता विचारायचं हे:

एक ॲप ५,००० देतंय, १५ दिवसांसाठी. त्यातून रूममेटचे फेडावेत का?

अभ्यासिकेत एक जण शेअर बाजारात ऑप्शन ट्रेडिंग करतो. गेल्या आठवड्यात ६,००० सुटले म्हणतो, शिकवायला तयार आहे.

की अण्णांना सांगावं? मागच्या फोनला ते आपणहून म्हणाले, "पैशाचं लाजू नको रं, लागलं तर सांगत जा." तेव्हापासून तर आणखीनच सांगवंना.

जाता जाता, सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर वसतिगृह भत्त्याचा फॉर्म भरला होता. मंजूर दिसतोय, पैसे आले नाहीत. ते येतील या भरवशावर आता नाही.

---

नावात_काय

ऑप्शन वाचून चहा बाजूला ठेवला.

शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे दिलेत. तीन आर्थिक वर्षं, २०२१-२२ ते २०२३-२४, आणि फ्युचर्स-ऑप्शन करणारे एक कोटीहून जास्त वैयक्तिक लोक. शंभरातले ९३ तोट्यात. हा मुलगा तुला गेल्या आठवड्याचं सांगतोय ना, त्याला त्याच्या आदल्या आठवड्याचं विचार. आणि शिकवण्यापेक्षा स्टेटमेंट दाखव म्हणावं.

ॲपचं: हातात पूर्ण ५,००० येणार आहेत का? प्रोसेसिंग की काहीतरी आधीच कापतात.

---

खवाभट्टी

हो, ६०० कापून ४,४०० येणार. परत ५,०००.

---

नावात_काय

मग मांड की. ४,४०० वर पंधरा दिवसांत ६००, म्हणजे साडेतेरा टक्क्यांच्या वर. वर्षाला लावलंस तर सव्वातीनशे टक्के ओलांडतात. सावकार बरा म्हणायची वेळ आली. रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासून नियम आहे की कर्ज देण्याआधी सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला कागद दाखवलाच पाहिजे, आणि तुझी कॉन्टॅक्ट लिस्ट मागता येत नाही. तुझ्या ॲपनं परवानग्या काय काय मागितल्यात ते बघ, मग डिलीट कर. बघितलं नाहीस तरी डिलीट कर.

---

पोतं_आणि_डबा

भाऊ, तुझा १४७ चा आकडा वाचून मला माझी मेस आठवली. माझी म्हणजे, मी तिथं वही लिहायचो.

मी जतचा. २००९ ते २०१२ सदाशिव पेठेत राहून बी.कॉम. केलं. घरून पैसे येत, पण जेवणाचे पुरत नसत. म्हणून मेसवाल्या काकूंकडे रोज संध्याकाळी दोन तास हिशोब लिहायचो आणि त्या बदल्यात दोन वेळचं जेवण. साठ-सत्तर पोरं जेवायची. कोण खाडा टाकून गावाला गेला, कुणाचा पाहुणा आला, कुणाचे पैसे राहिले, सगळं त्या लाल वहीत.

काकू सातवी शिकलेल्या. पण एक गोष्ट त्यांनी कधी मोडलेली मी बघितली नाही. सकाळी पोत्यातून दिवसाची कणीक मोजून एका पत्र्याच्या डब्यात काढायची आणि पोत्याचं तोंड सुतळीनं बांधून टाकायचं. दिवसभर हात घालायचा तो डब्यात. रात्री साडेनऊला डबा संपला आणि चार पोरं आली तर भात वाढायच्या. पोतं सोडायच्या नाहीत. एकदा मीच म्हटलं, काकू, दोन वाट्यांनी काय होतंय? तर म्हणाल्या, "दोन वाट्यांनी काही होत नाही, सुतळी सुटली की होतं."

तुझं काय झालंय सांगू का? तुझे ९,००० एकाच खात्यात पडतात आणि त्याच खात्यावर चहाचा क्यूआर कोड मारतोस. पोत्यातनं चहा पितोयस. तीन तारखेला खात्यात भाडं, मेस आणि वरखर्च सगळं एकत्र दिसतं, माणूस श्रीमंत असतो. अरे, तीन तारखेला मीही श्रीमंत असायचो.

तर दुसरं एक झिरो बॅलन्स खातं काढ. यूपीआय त्याच खात्याला जोड, पहिल्याचं फोनमधून काढून टाक. पहिल्यातून १ तारखेला भाडं, मेस, रिचार्ज सुटलं की ते बांधलं. दर सोमवारी सकाळी त्यातून दुसऱ्यात ३५० टाकायचे, आणि आठवडा त्यावर. पाच सोमवारांच्या महिन्यात ओढाताण होईल, चारवाल्यात थोडे उरतील, ते तसेच राहू दे. गुरुवारी संपले तर शुक्रवारी चहा नाही. चहा नसला तर मरत नाही माणूस, मी बघितलंय. तेच बारा तारखेला संपले तर अठरा दिवस काढायचे असतात आणि मग रूममेट आठवतो. फरक एवढाच आहे.

प्रत्येक खर्च लिहून ठेव वगैरे सल्ले लोक देतील. चौथ्या दिवशी सोडशील. मी लोकांचा हिशोब तीन वर्षं लिहिला, स्वतःचा सलग आठवडाभर लिहिला नाही.

रविवारचं सोपं आहे. दुपारी फीस्ट असेल ना मेसला? पावणेदोनला जा, सगळ्यात शेवटच्या पंगतीला. रात्री केळी आणि दूध. दीडशे गुणिले चार, सहाशे वाचले.

रूममेटला उद्या सांग की महिन्याला इतके देतो, आणि आकडा सांग. "देतो रे लवकरच" हे वाक्य त्यानं ऐकलंय आधी. पैसे कुठून? अभ्यासिका सोड. कॉलेजच्या लायब्ररीत रीडिंग हॉल असेलच. ९०० दर महिन्याला, पाच महिन्यांत फिटला.

आणि तो भत्ता. "भरवशावर नाही" काय म्हणतोस? मंजूर झालेले पैसे कुठंतरी जातात. डीबीटी, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारी रक्कम, येते ती आधारला जोडलेल्या खात्यात, फॉर्मवर तू कुठलं खातं लिहिलंस त्याला ती विचारत नाही. माय-आधारच्या साइटवर लॉगिन करून बँक सीडिंग स्टेटस बघ. कुठल्या बँकेचं नाव येतंय ते इथं सांग.

---

अजिंक्यताऱ्याखालून

तरुण मित्रा, मी सत्तरीचा आहे. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात शिकलो. कर्मवीर भाऊराव पाटील अण्णांनी ते १९४७ साली काढलं तेच मुळी कमवा आणि शिका या तत्त्वावर. आम्ही सकाळी कॉलेजच्या शेतात बांध घालायचो, पाणी द्यायचो, मग आंघोळ करून तासाला. खिशात पैसाच नसल्यामुळे तो जाण्याचा प्रश्न आला नाही. आजच्या मुलांना एवढे चहा लागतात कशाला हे मला प्रामाणिकपणे कळत नाही.

---

नावात_काय

काका, नमस्कार. पण मेकॅनिकलच्या पोराला सकाळी प्रॅक्टिकल असतं, आणि नारायण पेठेत बांध घालायला रस्त्याचे खड्डेच आहेत.

(कमवा व शिका पुण्यातही आहे, विद्यापीठाची योजना, तासावर पैसे मिळतात. कॉलेजच्या विद्यार्थी विकास अधिकाऱ्याला विचार, लायब्ररीतलं काम मिळालं तर सोनं.)

---

खडू_डस्टर

एम-थ्री शब्द दिसला म्हणून थांबले. बावीस वर्षं हाच विषय शिकवते, त्यामुळे थोडं मास्तरिणीसारखं बोलेन.

पोतं_आणि_डबा यांच्या पैशांच्या सल्ल्याला +१. अभ्यासिका सोडायलाही माझी हरकत नाही, पण माझं कारण वेगळं आहे. रात्री नऊ ते एक ही वेळच वाईट निवडलीस. दिवसभर कॉलेज, मग मेस, मग जड पोटानं खुर्ची ४३. त्या चार तासांत तू काय करतोस ते तूच लिहिलंयस: सोडवलेलं वाचतोस आणि रंगवतोस. गणित रंगवून येत नाही बाळा. माझ्याकडे दर वर्षी पोरं पुस्तक घेऊन येतात, "मॅडम, सगळं केलंय." पुस्तक बघावं तर हळदीच्या कार्यक्रमातून उठून आल्यासारखं.

ओळखीचं वाटणं वेगळं आणि हातातून उतरणं वेगळं. यावर प्रयोगही झालेत. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी मुलांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी कागद मिटून आठवेल तसं लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा लिहिणारे. तुझी सगळी तयारी त्या पाच मिनिटांच्या परीक्षेची होती असं समज.

आता काम. एक लाप्लासचं गणित घे, सोडवलेलंच. एकदा नीट वाच. पुस्तक बंद करून पिशवीत घाल, टेबलावरही नको. कोरा कागद. जिथं अडशील तिथं पेन थांबव आणि समासात लिही की नेमकं कशावर अडलो. "लाप्लास येत नाही" असं लिहायचं नाही, कुठली ओळ ते लिहायचं. अशी पाच गणितं कर आणि समास मला इथं सांग. माझा अंदाज आहे, पण आत्ता सांगणार नाही.

वेळ सकाळची घे, साडेसहा ते आठ. दीडच तास. पण रोज, आणि रविवारी सुट्टी. परीक्षेच्या आधी एक महिना रात्रंदिवस बसलास ना, तो महिना म्हणजे तुझी तीन तारीखच.

---

खवाभट्टी

मॅडम, पाच गणितं केली. समास जसाच्या तसा लिहितो:

१. इनव्हर्स घेताना पार्शल फ्रॅक्शन जमलं नाही
२. पार्शल फ्रॅक्शन, छेदात वर्ग आला
३. चिन्ह चुकलं, पण शेवटपर्यंत गेलो
४. पार्शल फ्रॅक्शन
५. सुटलं!!

---

खडू_डस्टर

हाच अंदाज होता. तुझा लाप्लास चांगला आहे, अडलंय ते त्याच्या मागचं: पार्शल फ्रॅक्शन, म्हणजे एका मोठ्या अपूर्णांकाचे सोपे तुकडे पाडणं. सोडवलेल्या गणितात ती पायरी एका ओळीत देतात, "पार्शल फ्रॅक्शन करून" म्हणतात आणि पुढे जातात. तूही वाचताना पुढे गेलास. चार दिवस एम-थ्री बंद. नुसती पार्शल फ्रॅक्शन, दिवसाला दहा. छेद तीन प्रकारचे येतात: साधे वेगवेगळे गुणक, तोच गुणक पुन्हा आलेला, आणि ज्याचे अवयव पडत नाहीत असा वर्ग. तिसऱ्यात वर नुसता ए लिहायचा नसतो, ए-एक्स अधिक बी लिहायचं असतं. तुझं दुसरं गणित तिथंच गेलं असणार, पैज लावते.

---

खवाभट्टी

तिथंच गेलं होतं मॅडम.

(सोळा दिवसांनी लिहितोय, आधी जमलं नाही, माफी.)

आधारचं बघितलं. नाव आलं आमच्याकडच्या एका बँकेचं. नववीत शाळेनं सगळ्यांची खाती काढून घेतली होती, तेच. पासबुक आईच्या ट्रंकेत, साडीच्या घडीत निघालं. आईनं भरून आणलं तर भत्त्याचा पहिला हप्ता चार महिन्यांपासून तिथं पडून आहे. मी इथं क्रीमरोल मोजतोय आन पैसे भूमला झोपलेत. केवायसी राहिलंय म्हणून काढता येईनात, पुढच्या शनिवारी जाऊन अंगठा देऊन येतो.

ते पासबुक निघाल्यामुळं अण्णांना सगळं सांगावंच लागलं. ४,५०० पण सांगितले. मला वाटलं चिडतील. थोडा वेळ बोललेच नाहीत, मागं भट्टीचा आवाज येत होता. मग म्हणाले, "एक तारखेलाच ९,००० लागतात का रं?" मी म्हणलं भाडं, मेस आणि रिचार्ज एक तारखेला, ६,५००. बाकीचं नंतर चालतंय. तर म्हणाले, "मग बाकीचं बाजाराच्या बाजारी टाकत जातो. मला बी सोपं जाईल."

सोपं जाईल म्हणजे काय ते आईकडनं कळलं. एक तारखेला एकदम ९,००० जमावेत म्हणून ते दर महिन्याला खवा घेणाऱ्या व्यापाऱ्याकडनं उचल घ्यायचे, आणि उचल घेतली की तो किलोमागं भाव पाडून लावायचा. तीन वर्षं. मला वाटायचं पैसे येतात म्हणजे असतात.

आता बाजारच्या दिवशी संध्याकाळी ३५० येतात. सोमवार नाही, पण डबा तोच. अभ्यासिका सोडली, खुर्ची ४३ वर ऑप्शनवाल्यानं बॅग ठेवायला सुरुवात केलीय. त्याला स्टेटमेंट दाखव म्हणलं तर म्हणला फोन चार्जिंगला आहे.

रूममेटला ९०० दिले. त्यानं मोजले नाहीत, उशीखाली सारले, आणि म्हणला चल खाली. चहा त्यानं पाजला, मी नाही म्हणलो नाही.

सकाळचा दीड तास सोळातले अकरा दिवस झाला. मॅडम, छेदात वर्ग असलेली आता येतात, पुन्हा आलेल्या गुणकाची अजून दहातली सहाच. आज सायकल पंक्चर झाली, ट्यूबला दोन भोकं, ८० गेले. बाजार परवा आहे आणि डब्यात ३५ उरलेत.

---

पोतं_आणि_डबा

३५ मध्ये तीन चहा बसत नाहीत, दोन बसतात. सुतळी सोडू नको.